उलटा काटा

नवा गळ आणला की उस्ताद तो आधी स्वतःच्या अंगठ्याला टोचून बघायचे. माशाच्या तोंडात जाणारी वस्तू आधी आपल्या अंगात जाऊन यावी, असा त्यांचा नियम होता. गळाच्या टोकाशी आतल्या बाजूनं एक बारीक उलटा काटा असतो. माशानं कितीही झटके दिले तरी सुटत नाही तो ह्या काट्यामुळं. उस्ताद कानस घेऊन तो काटा घासून सपाट करायचे, फुंकर मारायचे, पुन्हा अंगठ्यात टोचायचे, अलगद बाहेर काढायचे आणि रक्ताचा ठिपका पँटीला पुसत म्हणायचे, "टोचलं पाहिजे नाना, अडकलं नाय पाहिजे."

नाना म्हणजे मी. त्यांचं नाव सांगणार नाही, कारण पुढं कळेलच. चिकलठाण्याच्या कारखान्यात टूलरूमचे फिटर त्यांना उस्ताद म्हणायचे, साहेब लोकही म्हणायचे, आणि पुढं कॉलनीत तेच नाव चाललं. बोटांनी माप कळणारी माणसं तुम्हीही कुठं ना कुठं पाहिली असतील. उस्ताद त्यातले. एखादा भाग हातात घेऊन नुसता अंगठा फिरवायचे आणि केसाएवढा जादा आहे म्हणायचे. मग कुणीतरी शहाणा मायक्रोमीटर लावून बघायचा आणि गुपचूप मशीनकडं परत जायचा.

मी स्टोअरला होतो. आम्ही एकाच वयाचे, एकाच शिफ्टचे. सुट्टी झाली की रस्त्यापलीकडच्या टपरीमागं पाच-सहा जणांचा अड्डा बसायचा. मीही बसायचो, खोटं कशाला बोलू? दोन घोट घ्यायचो आणि घरी जाऊन जेवायचो. मला ती कधी चिकटली नाही, एवढंच माझं नशीब. उस्तादांना चिकटली. त्यांचा अड्डा पाचला सुरू व्हायचा आणि कधी संपायचा ते त्यांनाही माहीत नसायचं. हातातली मापं चुकायला लागली. उस्ताद म्हणणारे मागं हसायला लागले.

सुटली कशी ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उस्ताद बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतलेली, घरात रोज वंदना. बुद्धपौर्णिमेला जुन्या वस्तीतल्या विहारात त्यांची आठ वर्षांची लेक सगळ्यांपुढं उभी राहून पंचशील म्हणत होती. जीव मारणार नाही, चोरी करणार नाही, अशी चार शीलं पोरीनं खणखणीत म्हटली. पाचवं दारूचं. ते तिच्या तोंडून निघेना. पोरगी बापाकडं बघत गप्प उभी राहिली, आणि हळूहळू सगळा विहार बापाकडं बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद स्टोअरच्या खिडकीशी आले. मला वाटलं ड्रिल बिट पाहिजे असेल. म्हणाले, "नाना, सोडली. पण पाच ते सात कुठं जाऊ, तेवढं सांगा."

आता मी पैठणचा गडी. गोदावरीच्या काठावर लहानाचा मोठा झालेला. गळ टाकून बसण्यापलीकडं मला दुसरं काय सुचणार? त्याच दिवशी त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन हर्सूलच्या तलावावर गेलो. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, पाण्यावर तरंगायला मोरपिसाचा देठ आणि कणकेची गोळी. मोरपीस बुडालं की ओढायचं, एवढंच शास्त्र. पहिल्याच संध्याकाळी वीतभर चिलापी लागली. उलटा काटा तिच्या जबड्यात असा रुतला होता की काढताना तोंड फाटलं. उस्तादांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, पाचवं पाळायला आलो आणि पहिलंच मोडलं. मी म्हटलं, मटण खाता तेव्हा कुठं जातं पहिलं शील? तर म्हणाले, ते दुसऱ्यानं मारलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ते काटे घासलेले गळ घेऊन आले. तेव्हापासून एकही मासा त्यांनी घरी नेला नाही. ओला हात करून धरायचे, गळ काढायचे, आणि पाण्यात सोडताना त्याला सांगायचे, "पाचवं पाळायला पहिल्याला जरा ओरखडा पडतो बाबा. चालवून घे."

हे एकोणीस वर्षं चाललं. रोज पाच ते सात, आणि पहिल्या पाळीला गेले काय नि रजेवर असले काय, ते दोन तास तलावाचे. पंख फाटलेली एक मरळ त्यांच्या गळाला वारंवार लागायची, निदान त्यांचं म्हणणं तरी तसं होतं. मी म्हणायचो, इतकी खुळी मरळ असते व्हय? ते म्हणायचे, "खुळी नाय. तिला बी दुसरी जागा नाय." लेकीच्या लग्नात दुपारनंतर मुलीचा बाप गायब. सगळीकडं शोधाशोध. मी सरळ तलावावर गेलो. कोट घालून, गळ्यात हार तसाच ठेवून उस्ताद मोरपिसाकडं बघत बसले होते. मांडवामागं पाहुण्यांनी बाटल्या काढल्या होत्या. पाठवणीच्या वेळेला आम्ही बरोबर पोचलो.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी जटवाडा रोडला एकाच कॉलनीत घर घेतलं. तिथं त्यांचं मागचं कुणाला ठाऊक नव्हतं. कॉलनीच्या तोंडाशी बार निघत होता तेव्हा घरोघर फिरून सह्या गोळा केल्या त्या उस्तादांनी. बार हटला. लोक आपल्या नवऱ्यांना, पोरांना त्यांचं उदाहरण द्यायला लागले, सुपारीचंही व्यसन नाही बघा. मला हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा. एकदा त्यांनी माझा हात हातात घेऊन वचन घेतलं की ही गोष्ट इथं कुणाला कळता कामा नये. मी दिलं. वचन द्यायला काय जातंय माणसाचं.

मग उस्तादांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. लेक पुण्याला. घरात ते एकटे, आणि पाच ते सात तलाव.

आणि मग तो रोग आला. मी कॉलनीचा चेअरमन. एरवी चेअरमन म्हणजे टँकर बोलवायचा आणि शिव्या खायच्या, पण त्या दिवसांत मला काय चेव चढला म्हणून सांगू! गेटला आडवा बांबू, त्याला साखळी, साखळीला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात. भाजीवाल्याला मी आत घेणार, दूधवाल्याला मी थांबवणार. जन्मभर स्टोअरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला एवढी सत्ता कधी मिळाली नव्हती.

पहिले काही दिवस मी उस्तादांना मागच्या भिंतीकडून जाऊ दिलं. ते म्हणायचे, "सहा फूट लांब राहा म्हणतेत. मी तर साठ फुटांवर असतो. तिथं कोण, मी आन मासे." त्यात चूक काहीच नव्हती. पण कुणीतरी तलावाच्या काठावरचा त्यांचा फोटो काढला आणि तो कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, जग मरतंय आणि लोकांना हौस सुचते. त्याखाली अंगठेच अंगठे. एकानं विचारलं की आता आम्हीही क्रिकेट खेळायला जाऊ का? दुसऱ्यानं लिहिलं की चेअरमनचे मित्र म्हणून सूट आहे.

त्याच आठवड्यात समोरच्या इमारतीतला एक माणूस गेला. पन्नाशीचा, धडधाकट. अॅम्ब्युलन्समध्ये चालत जाऊन बसला होता, परत आलाच नाही. लोकांच्या आग्रहानं मी मोकळ्या जागेत खुर्च्या लांब लांब ठेवून मीटिंग घेतली. त्या गेलेल्या माणसाच्या घरच्या वहिनी खाली आल्या नाहीत, बाल्कनीतून बोलल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या माणसाचं तोंड मला बघू दिलं नाही. आणि ह्यांना मासे बघायला जायचंय?"

त्या बाईचं बरोबर होतं. पण उस्तादांचंही बरोबर होतं, आणि ते का बरोबर होतं हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं. मी उभं राहून एक वाक्य बोललो असतो, की बाबांनो, ही हौस नाही, हे ह्या माणसाचं औषध आहे, तर निम्मे लोक गप्प झाले असते. मी उस्तादांकडं बघितलं. त्यांनी मास्कच्या वर डोळे उचलून मान हलवली. नाही. मग मी माझं वचन पाळलं. मीटिंगमध्ये ठरलं ते रजिस्टरात मीच लिहिलं, की जीवनावश्यक कामाशिवाय, छंद किंवा हौस म्हणून कुणीही बाहेर जाणार नाही. उस्तादांनी खाली पहिली सही केली. गळ त्यांच्या हातात दिला होता मी. काढूनही मीच घेतला.

आणखी एक वाट होती. पोटासाठी मासे धरणाऱ्यांना तलावावर जायची मुभा होती. मासेमारीचा ठेका घेतलेला माणूस उस्तादांना घरच्या माणसासारखं मानायचा. तो म्हणाला, उस्ताद, माझा कामगार म्हणून लिहून देतो, पास काढा, कोण विचारतंय? मी स्वतः कागद घेऊन त्यांच्या दारात गेलो. फक्त सही करायची होती.

त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "मी मासे विकत नाय नाना. खात बी नाय."

"अहो, पण कागदावर लिहायला काय जातंय?"

"चौथं शील हाय, खोटं न बोलण्याचं. पाचव्यासाठी पहिलं रोज वाकवतोय. आता चौथं बी वाकवू?"

मी चिडलो. म्हटलं, शीलं काय सरकारी पाहणीला येणार आहेत का? ते हसले आणि कागदाची नीट घडी करून परत दिली. मग आत जाऊन काठी घेऊन आले. म्हणाले, ही तुमच्याकडं ठेवा, समोर दिसली की पाय निघतात. मी ती मीटरच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. दुसरी किल्ली खिशात आली.

पाच वाजले की उस्ताद गेटशी यायचे. बांबूला हात टेकून उभे राहायचे. काही मागायचे नाहीत. सातला घरी जायचे. मी तिथं खुर्ची टाकून बसलेलो असायचो आणि आम्ही जुन्या कारखान्याचं बोलायचो. पण दोन तास किती बोलणार? त्यांची बोटं बांबूवर सारखी फिरायची.

मग एक दिवस ते गेटशी आले नाहीत. मी शोधत गच्चीवर गेलो. उस्तादांनी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं होतं, टाकीच्या कडेला बसले होते आणि झाडूच्या काडीला दोरा बांधून पाण्यात सोडला होता. दोऱ्याला गळ नव्हता. नुसतं मोरपीस तरंगत होतं. मला हसू फुटलं. तेही हसले आणि म्हणाले, इथला मासा लई हुशार हाय, लागतच नाय. आम्ही दोघं म्हातारे त्या टाकीशी बसून हसलो. ते आमचं शेवटचं हसणं, पण तेव्हा ते कळत नसतं.

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. आमच्याकडं नळाला पाणी येतं पाचव्या-सहाव्या दिवशी, टाकीतला थेंब न् थेंब मोलाचा. लोक खवळले. पिण्याच्या पाण्यात गळ टाकतो म्हणाले, डोकं फिरलंय म्हणाले. काहींनी हसून हसून तो व्हिडिओ गावभर पाठवला. उस्ताद दारोदार जाऊन लांबून हात जोडून आले. त्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं. मी टाकीला कुलूप लावलं. तिसरी किल्ली.

पुढं नियम जरा सैल झाले. काय उघडायचं आणि काय नाही, ह्याच्या याद्या निघायला लागल्या. एक दिवस यादीत दारूचं दुकान आलं. तलाव नव्हता.

मी बायकोच्या गोळ्या आणायला निघालो होतो. चौकात ही लांब रांग. रस्त्यावर चुन्यानं गोल आखलेले, एका गोलात एक माणूस. रांगेत मधोमध उस्ताद उभे होते. खांद्याला ती तलावाची कापडी पिशवी. कणकेचे डाग तिच्यावर तसेच होते. घड्याळात पाच वाजून गेले होते. मी पळतच गेलो आणि म्हटलं, उस्ताद, घरी चला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखं. "इथं उभं राहू देतात, नाना."

पुढचा गोल रिकामा झाला आणि ते त्यात जाऊन उभे राहिले. मी त्यांचा दंड धरून ओढायला पाहिजे होतं. चार लोकांत तमाशा झाला असता तर झाला असता. मी सहा फुटांवर उभा राहिलो. काय सांगू तुम्हाला, त्या क्षणीसुद्धा मी नियम पाळत होतो.

तोंड दाखवायची हिंमत व्हायला मला चार दिवस लागले. मग मीटरची खोली उघडली, काठी घेतली आणि त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, कोण काय बोलतंय ते मी बघतो, मी गेट उघडतो, तुम्ही जा. दारातूनच वास आला. एकोणीस वर्षांनी तोच वास. ते म्हणाले, आता पाच ते सातचं राहिलं नाय नाना, आता दिवसभराचं हाय. काठी मात्र त्यांनी घेतली आणि कोपऱ्यात उभी केली.

पावसाळा सरता सरता तलाव मोकळा झाला. पाणी काठोकाठ होतं. मी रिक्षा करून त्यांना घेऊन गेलो. नेहमीच्या दगडावर बसवलं. कणकेची गोळी त्यांना गळाला लावता येईना, मी लावून दिली. काठी हातात दिली तर मोरपीस पाण्यावर थरथरायला लागलं. मी खुळ्यासारखा ओरडलो, लागला, ओढा! लागलं काहीच नव्हतं. त्यांचा हात कापत होता. जरा वेळानं त्यांनी काठी माझ्याकडं दिली आणि चला म्हणाले.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. कॉलनीतल्या लोकांनी आधी त्या रोगाची धास्ती घेतली, जिन्यात औषध फवारलं. मग कळलं, लिव्हर. लोक हळहळले. बघा, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला माणूस, आणि लिव्हर! वचन मी शेवटपर्यंत पाळलं. बाल्कनीतल्या त्या वहिनी पांढरी फुलं घेऊन आल्या आणि फोटोसमोर खूप वेळ बसल्या.

त्यांच्या मागं विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, त्याला लेक पुढं बसली होती. पंचशील तिनंच म्हटलं. चार शीलं झाली. पाचवं तिनं न थांबता म्हटलं, तेवढ्याच खणखणीत आवाजात, बापाच्या फोटोकडं बघत. मला तिथं बसवेना, पण उठून जाणार कुठं?

लोक पांगल्यावर ती गळांचा डबा घेऊन माझ्याकडं आली. म्हणाली, बाबांनी हा तुम्हाला द्यायला सांगितला होता. मग माझ्यासमोर बसली. "नानाकाका, बाबा तळ्यावर का जायचे ते तुम्हाला तर माहीत होतं. मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"त्यांनीच नको म्हटलं होतं पोरी. वचन घेतलं होतं."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही मोडायचं होतं. लाज काय, चार दिवसांची असते."

तिच्यापुढं मी हात जोडले. तिनं माझे हात खाली घेतले आणि चहा ठेवायला आत गेली.

घरी येऊन डबा उघडला. दहा-बारा गळ होते, सगळे घासलेले, गुळगुळीत. तळाशी एक नवा गळ होता. त्याचा उलटा काटा अर्धाच घासलेला होता. कानशीच्या खुणा इकडंतिकडं गेलेल्या, एकही सरळ नाही. ज्या माणसाला केसाएवढा जादा भाग अंगठ्यानं कळायचा, त्याच्या हातच्या त्या खुणा होत्या. म्हणजे त्या शेवटच्या दिवसांतही ते कधीतरी कानस घेऊन बसले होते. तलावावर जायची तयारी करत होते.

मी तो गळ उचलला आणि त्यांच्यासारखा अंगठ्याला टोचून बघितला. आत गेला. काढायला गेलो तर निघेना.